विश्लेषण : ‘लाइक’च्या आकड्यामागे धावण्याची किंमत नेमकी किती?

फोटो टाकला. पाच मिनिटांनी उघडून पाहिले, मग दहा मिनिटांनी, मग जेवताना ताटाशेजारी ठेवलेला मोबाइल पुन्हा एकदा. किती ‘लाइक’ आले, स्टेटस कोणी कोणी पाहिला, आणि पाहूनही कोण काहीच बोलले नाही... समाजमाध्यमांवर असलेल्या बहुतेकांना ही घालमेल ओळखीची आहे. वापरायला ही माध्यमे फुकट आहेत. पण पसंतीच्या आकड्यामागे धावताना वेळ, पैसा, मैत्री, स्वभाव आणि काही वेळा जीवही खर्ची पडतो, असे गेल्या दशकभरातील संशोधन आणि घटना सांगतात. हा खर्च दिसत असूनही माणसे या खेळातून बाहेर का पडत नाहीत?

‘लाइक’ बटण बनवणाऱ्यांचे पुढे काय झाले?

फेसबुकने ९ फेब्रुवारी २००९ रोजी ‘लाइक’चे बटण सुरू केले. कंपनीत त्याचे आधीचे नाव ‘ऑसम’ असे होते. कोणी लग्नाची किंवा नोकरीची बातमी दिली की खाली ‘अभिनंदन’, ‘अभिनंदन’ अशा एकसारख्या प्रतिक्रियांची रांग लागायची. त्याऐवजी एका टिचकीत आनंद कळवता यावा, एवढाच हेतू होता. या बटणावर काम करणाऱ्या चमूत लीआ पर्लमन आणि जस्टिन रोझेनस्टाइन होते.

पर्लमन पुढे फेसबुकमधून बाहेर पडल्या आणि व्यंगचित्रे काढू लागल्या. चित्रे फेसबुकवरच प्रसिद्ध करत. कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारी फेसबुकची गणिती पद्धत बदलली आणि त्यांच्या चित्रांना मिळणारे ‘लाइक’ घटले. चित्रे तीच, हात तोच. पण आपले काम कोणाला आवडत नाही, असे त्यांना वाटू लागले. शेवटी आपली चित्रे लोकांपर्यंत पोहोचावीत म्हणून त्यांनी फेसबुकवरच पैसे मोजून जाहिराती घेतल्या. हे त्यांनीच नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. रोझेनस्टाइन यांनी वेगळा मार्ग पत्करला. नवा फोन घेतल्यावर त्यांनी सहाय्यकाला सांगून त्यावर लहान मुलांसाठी असते ते पालक-नियंत्रण बसवून घेतले. आपल्याला कोणतेही अ‍ॅप उतरवून घेता येऊ नये, यासाठी!

कौतुकाची भूक जुनीच, मग नवे काय?

चारचौघांत मान मिळावा, ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. ‘लोक काय म्हणतील’ या धाकावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लग्ने ठरली आणि मोडली. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्सही इंटरनेटच्या जिवावर उभे राहिलेले नाहीत. मात्र पारावर बसलेले लोक आपल्याबद्दल काय म्हणतात, हे पूर्वी अंदाजानेच कळायचे. कोणी तोंडावर बोलले, कोणी पाठीमागे. कोणाचे मनावर घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. समाजमाध्यमांनी त्या मोघम मताचा नेमका आकडा केला आणि तो शेजाऱ्याच्या आकड्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा टांगला.

अमेरिकेतील युटा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे सी. थी न्युएन यांनी या प्रक्रियेचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाची मूल्ये गुंतागुंतीची असतात. कोणाला चांगले गायचे असते, कोणाला शेतीतले अनुभव सांगायचे असतात, कोणाला मित्रांशी गप्पा मारायच्या असतात. माध्यम मात्र या सगळ्याला एकच सोपा आकडा चिकटवते. तो स्पष्ट दिसतो, लगेच मिळतो आणि त्याची तुलना करता येते. हळूहळू मूळ हेतूची जागा तो आकडाच घेतो. कोणी रांगोळीचे व्हिडीओ टाकायला सुरुवात केलेली असते. वर्षभराने हाताला कोणती रांगोळी आवडते यापेक्षा कोणती चालते, हे पाहून रंग निवडले जातात. न्युएन याला मूल्ये काबीज होणे म्हणतात. यात कोणी जबरदस्ती केलेली नसते, त्यामुळे काही गमावले आहे हेही चटकन लक्षात येत नाही.

या वेळी मेंदूत काय घडते?

लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसीएलए) संशोधकांनी १३ ते १८ वयोगटातील ३२ मुलामुलींवर एक प्रयोग केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना मेंदूचे स्कॅन करणाऱ्या यंत्रात ठेवून इन्स्टाग्रामसारख्या पडद्यावर फोटो दाखवण्यात आले. त्यात त्यांनी स्वतः दिलेले फोटोही होते. फोटोखालचे ‘लाइक’ संशोधकांनीच ठरवले होते. एकाच फोटोला निम्म्या मुलांसाठी भरपूर, निम्म्यांसाठी मोजके. आपल्या फोटोला भरपूर ‘लाइक’ दिसले की मेंदूतील बक्षीस मिळाल्याची जाणीव देणारा भाग अधिक सक्रिय होत होता. दुसऱ्यांच्या फोटोंबाबतही ज्याला जास्त ‘लाइक’, त्यालाच मुले आपली पसंती देत होती. फोटो सिगारेट किंवा दारूचे असतील, तर ते पाहताना स्वतःला आवर घालण्याशी संबंधित भागांची हालचाल उलट मंदावलेली दिसली.

बक्षिसाची वेळ ठरलेली नसणे, हा यातला कळीचा भाग. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते, की प्रत्येक टोचीला दाणा मिळाला तर पक्षी भूक भागल्यावर थांबतो; कधी मिळेल हे कळेनासे केले, तर तो टोचतच राहतो. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. मोबाइलचा पडदा बोटाने खाली ओढून सोडला की नवे काही आले आहे का, हे दिसते. त्या कृतीची तुलना अनेकदा जुगाराच्या यंत्राच्या दांड्याशी होते, ती यामुळेच. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात चार हजारांहून अधिक लोकांच्या दहा लाखांहून जास्त पोस्ट तपासल्या गेल्या. ‘लाइक’ लवकर लवकर मिळू लागले की माणसे पुढची पोस्टही लवकर टाकतात, हा ढंग प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या बक्षीस मिळवण्याच्या ढंगाशी जुळला.

फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी तर २०१७ मध्ये उघडपणेच सांगितले, की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे घ्यायचे, हाच सुरुवातीचा विचार होता आणि त्यासाठी माणसाच्या मनातील एका कच्च्या दुव्याचा उपयोग केला गेला.

‘स्ट्रीक’ काय असते?

घरात शाळकरी मुले असतील, तर हा शब्द कानावर पडलेला असतो. स्नॅपचॅटवर दोन मित्रांनी सलग काही दिवस, दर २४ तासांत एकमेकांना किमान एक फोटो पाठवला, की नावापुढे आगीचे चिन्ह आणि दिवसांचा आकडा दिसू लागतो. एक दिवस चुकला की आकडा शून्य. वेळ संपत आली की वाळूच्या घड्याळाचे चिन्ह येते. सहलीला किंवा रेंज नसलेल्या गावी जाताना मुले आपला पासवर्ड मित्राला देऊन जातात, असे प्रकार अनेक देशांत समोर आले आहेत. पाठवलेला फोटो बऱ्याचदा छताचा, भिंतीचा किंवा अर्ध्या चेहऱ्याचा असतो. त्यात सांगण्यासारखे काही नसते; तो आकडा जिवंत ठेवण्यासाठी पाठवलेला असतो. तुटलेली ‘स्ट्रीक’ पैसे भरून परत जोडण्याची सोयही कंपनीने पुढे दिली. शंभर दिवसांची मैत्री एका चुकलेल्या फोटोमुळे संपत नाही, हे मोठ्यांना कळते. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीने ‘तू विसरलीसच कशी’ विचारले, तर तिच्याकडे उत्तर नसते.

मोठेही यातून सुटलेले नाहीत. जगभरातील सॉफ्टवेअर अभियंते आपले काम ‘गिटहब’ या मंचावर ठेवतात. तिथे सलग किती दिवस काम केले, याचा आकडा प्रत्येकाच्या पानावर दिसत असे. २०१६ मध्ये तो अचानक काढून टाकण्यात आला. संशोधकांनी त्याच्या आधीची आणि नंतरची नोंद ताडून पाहिली. आकडा गेल्यावर अनेक दिवस चाललेल्या साखळ्या सुटल्या, शनिवार-रविवारचे काम कमी झाले, आणि केवळ एखादीच नोंद असलेले दिवसही घटले. म्हणजे सुट्टीच्या दिवशीचे काही काम गरज होती म्हणून नव्हे, तर साखळी मोडू नये म्हणून होत होते.

किंमत कशाकशात मोजावी लागते?

ऑस्ट्रेलियातील एसेना ओनील ही तरुणी २०१५ मध्ये इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध होती. पाच लाखांहून अधिक लोक तिला ‘फॉलो’ करत. त्या वर्षी तिने दोन हजारांहून जास्त फोटो काढून टाकले आणि उरलेल्यांखालचा मजकूर बदलला. पोट सपाट दिसावे म्हणून एका फोटोसाठी किती वेळा प्रयत्न करावे लागले, कोणत्या पोशाखासाठी पैसे मिळाले होते, हे तिने तिथेच लिहिले. नंतर घरभाडे भरण्यासाठी तिला लोकांकडे मदत मागावी लागली. फोटोंवरच तिची कमाई होती. ते थांबताच उत्पन्नही थांबले.

भारतात हा अनुभव हजारोंनी एकाच रात्री घेतला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. गावाकडच्या, लहान शहरांतल्या कितीतरी तरुणांनी तिथे लाखांचा चाहतावर्ग जमवला होता. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले, पण जुने ‘फॉलोअर’ सोबत नेता आले नाहीत. सगळ्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. बंदीच्या बऱ्या-वाईटाचा मुद्दा वेगळा. पण जमवलेला आकडा आपल्या मालकीचा नसतो, एवढे तेव्हा दिसले.

स्वभावावरील परिणाम सहज दिसत नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ट्विटरवरील ७,३३१ जणांचे सव्वा कोटींहून अधिक संदेश अभ्यासले. संतापाच्या पोस्टला ज्यांना जास्त ‘लाइक’ आणि ‘शेअर’ मिळाले, ते पुढे अधिक संतापून लिहू लागले. मवाळ गटांत वावरणाऱ्यांवर या बक्षिसाचा परिणाम अधिक होता. टोकाचे लोक आधीपासूनच चढ्या आवाजात बोलत होते. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादे शांत स्वभावाचे काका दोन-तीन वर्षांत ओळखू येईनासे होतात, त्यामागे हे कारण असू शकते, असे म्हणायला जागा आहे.

आणि सगळ्यात मोठी किंमत. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात सेल्फी घेताना १३७ घटनांत २५९ मृत्यू झाल्याचे बातम्यांच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात आढळले. त्यातील १५९ मृत्यू एकट्या भारतातील होते. मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर जानेवारी २०१६ मध्ये सेल्फी घेताना मुली समुद्रात पडल्या. त्यातील एक बुडाली आणि त्यांना वाचवायला उतरलेल्या माणसाचाही जीव गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातील धोक्याची ठिकाणे निश्चित करून तिथे सेल्फीला मनाई केली. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्हा प्रशासनालाही धरणे, धबधबे, घाट अशा जागी सेल्फी आणि रील काढण्यावर बंदी आणावी लागली. वाचवायला गेलेल्या त्या माणसाला कोणतेही ‘लाइक’ नको होते. या खेळाची किंमत खेळणाराच मोजतो असे नाही.

मुलांवरील परिणामांबाबत संशोधकांत एकमत आहे का?

नाही. ऑक्सफर्डमधील एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठ्या सर्वेक्षणांची आकडेवारी तपासून सांगितले, की किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. जोनाथन हाइट यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ मात्र मुलींमधील वाढत्या नैराश्याचा संबंध थेट स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांशी लावतात. आपल्या केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही हाइट यांच्या मांडणीची दखल घेतली होती.

दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण सरासरीत फार काही लपते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किशोरवयीनांना मुद्दाम इतरांपेक्षा कमी ‘लाइक’ देण्यात आले. मुले खट्टू झाली. त्यातही शाळेत आधीच चिडवल्या जाणाऱ्या, एकट्या पडलेल्या मुलांना ते सर्वाधिक लागले. ज्याला वर्गात मित्र आहेत, त्याला फोटो पडला तरी फरक पडत नाही. ज्याला नाहीत, तो मित्र शोधायला तिथे जातो आणि तिथेही मोजला जातो.

महाराष्ट्रातील पालकांसाठी ही दूरची गोष्ट नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ग्रामीण भारतातील ‘असर २०२४’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

आकडाच लपवला तर?

हा प्रयोग होऊन गेला आहे. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये आधी कॅनडात आणि मग आणखी सहा देशांत ‘लाइक’चा आकडा इतरांना दिसू नये, अशी चाचणी घेतली. मे २०२१ मध्ये तो सरसकट न काढता ‘हवा असेल तर लपवा’ असा पर्याय सगळ्यांना दिला. त्याच वर्षी बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, या चाचणीतून मुलांच्या एकंदर मनःस्थितीत सुधारणा दिसली नव्हती. ‘लाइक’ लपले तरी प्रतिक्रिया, ‘व्ह्यूज’, ‘फॉलोअर’ मोजणे चालूच राहते. शिवाय पर्याय ऐच्छिक असला, की तो वापरणाऱ्याकडे ‘याला कमी मिळत असणार’ म्हणून पाहिले जाते.

मग लोक बाहेर का पडत नाहीत?

अमेरिकेत २०१८ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यासाठी लोकांनी मागितलेली मधली रक्कम सुमारे १०२ डॉलर होती. बंद ठेवणाऱ्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला. तो त्यांनी घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर आणि थोडा टीव्हीसमोरही घालवला. ताज्या बातम्या त्यांना कमी कळल्या, पण ते किंचित का होईना अधिक समाधानी होते. प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर पूर्वीइतका राहिला नाही.

याच्याही पुढे शिकागो विद्यापीठातील लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकारी गेले. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन वेगळे प्रश्न विचारले. बाकी सगळे टिकटॉकवर राहतील, फक्त तुम्ही चार आठवडे बाहेर राहायचे, तर किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आले ५९ डॉलर. इन्स्टाग्रामसाठी ४७. मग दुसरा प्रश्न : तुमच्यासह कॉलेजातील सगळेच बाहेर पडणार असतील तर? आता मुले पैसे मागत नव्हती, उलट द्यायला तयार होती. टिकटॉकसाठी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १०.

या दोन उत्तरांमधील फरकात बरेच काही आहे. अनेकांना या माध्यमांवर राहायचे आहे ते आवडते म्हणून नव्हे, तर बाकीचे तिथे असताना एकट्याने बाहेर राहणे महाग पडते म्हणून. सहलीचा बेत तिथे ठरतो, वर्गातला विनोद तिथे होतो, कोणाचे कोणाशी जुळले ते तिथे कळते. अशा स्थितीत मुलाला ‘तू मन घट्ट कर’ सांगणे म्हणजे सगळे धावत असताना एकट्याला थांबायला सांगण्यासारखे आहे. आई-वडील स्वतः ताटाशेजारी फोन ठेवून हे सांगत असतील, तर त्याचा उपयोग आणखी कमी.

कायदे काय करत आहेत?

अमेरिकेतील ४० हून अधिक राज्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘मेटा’विरुद्ध दावे दाखल केले, मुलांना गुंतवून ठेवणारी रचना मुद्दाम केली, हा त्यातील आरोप. कंपनीने तो फेटाळला आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. तिथे दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे. बंदी सगळ्यांना एकदम लागू असल्याने ‘बाकीच्यांकडे आहे, मलाच नाही’ हा पेच तरी सैल होतो; वय तपासण्यातील पळवाटा आणि मुलांच्या खासगी माहितीचे प्रश्न मात्र राहतातच. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र ‘लाइक’, ‘स्ट्रीक’ यांसारख्या रचनेवर हा कायदा थेट बोट ठेवत नाही.

मोहित्यांचे वडगावमध्ये काय घडले?

‘सगळ्यांनी एकदम’ हा उपाय सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने कायद्याशिवाय करून पाहिला. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती आलेले फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात, अशी तक्रार होती. कल्पना मांडली तेव्हा गावातील पुरुषांनी थट्टाच केली. महिलांनी मात्र आपणही मालिका आणि मोबाइलमध्ये अडकलो आहोत, हे मान्य करून पाठिंबा दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर ठराव झाला.

रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाइल बंद. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावत होते. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. कोणाच्याच फोनवर कोणी नसल्याने कोणाचे काही चुकतही नाही. साडेआठला दुसरा भोंगा वाजतो आणि फोन पुन्हा सुरू होतात.